दया, अक्षर आणि भाषा : अहमदनगरच्या अमेरिकन मिशनशाळांची वाढ

१

एकोणिसाव्या शतकातील मिशनशाळांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्याचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात मिशनरी हा आद्य शिक्षणदाता ठरतो. शाळा, छापखाना, व्याकरण, नियतकालिक या साऱ्यांचे श्रेय त्याच्या पदरी पडते. दुसऱ्या प्रकारात शाळा हे धर्मांतराचे साधन ठरते आणि तेथे शिकलेल्या मुलांचा विचार केवळ 'किती बाटले' या हिशेबापुरता होतो. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. शाळेत बसलेले मूल तेथे बोलत नाही. ते एकतर उपकृत असते किंवा फसविले गेलेले असते. प्रस्तुत निबंधात या मुलाचा शोध निराळ्या वाटेने घ्यावयाचा आहे. परक्या देशातील देणगीवर चालणाऱ्या या शाळांत गरीब मूल कोणत्या भाषेत लिहिले गेले आणि कोणत्या भाषेत ते स्वतः लिहू लागले, हा येथील मुख्य प्रश्न होय. मिशनशाळेची वाढ पटावरील संख्येवरून मोजण्याची प्रथा आहे. ती लेखणी कोणाच्या हाती गेली यावरून मोजली, तर चित्र बरेच बदलते, असे मला वाटते.

यासाठी अमेरिकन मराठी मिशनचे, आणि त्यातही अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील शाळांचे उदाहरण घेतले आहे. प्रॉटेस्टंट मिशनांपैकी हे मिशन मराठी प्रदेशात सर्वांत आधी आले, त्याने आपल्या नावातच 'मराठी' हा शब्द धारण केला आणि त्याचा पत्रव्यवहार, अहवाल व नियतकालिके यांमुळे इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांतील त्याचे लेखन शेजारी ठेवून वाचता येते. हा विषय चंडीगडसारख्या ठिकाणी, पंजाबी व उर्दू साहित्याच्या अभ्यासकांसमोर मांडताना आणखी एक सोय होते. येथून शंभरेक किलोमीटरवरील लुधियान्यास त्याच दशकात दुसऱ्या एका अमेरिकन मिशनने शाळा व छापखाना सुरू केला होता. त्या तुलनेचा विचार निबंधाच्या उत्तरार्धात येईल.

२

बोस्टन येथे मुख्य कचेरी असलेल्या अमेरिकन बोर्डाची स्थापना १८१० साली झाली. त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले. ईस्ट इंडिया कंपनीस ते नको होते. त्यांना परत धाडण्याचे प्रयत्नही झाले. त्याच वर्षीच्या सनदेने मिशनऱ्यांना मुभा मिळाली आणि त्यांचा मुक्काम कायम झाला. बाजारात व देवळांसमोर केलेला उपदेश कोणी फारसा मनावर घेत नाही, हे या मंडळींच्या लवकरच ध्यानात आले. दोन-तीन वर्षांतच त्यांनी मराठी शाळा काढल्या. १८१७ साली त्यांच्या छापखान्यातून मराठी मजकूर बाहेर पडू लागला आणि १८२६ साली मराठी नवा करार छापून झाला. त्याच वर्षी गॉर्डन हॉल नाशिककडील दौऱ्यात पटकीने वारला.

या पहिल्या शाळांचे स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे. इमारत भाड्याची, शिक्षक पगारी आणि बहुधा ब्राह्मण, पुस्तके मिशनची. गावच्या पंतोजीकडे धुळाक्षरे, मोडी वळण, पाढे आणि हिशेब शिकविले जात; मिशनशाळेत त्याच पंतोजीने बाळबोध अक्षरांत छापलेले पुस्तक मुलांकडून वाचवून घ्यावयाचे, एवढाच प्रथमदर्शनी फरक होता. परंतु हा फरक लहान नव्हता. पंतोजीच्या शाळेत अक्षर हे व्यवहाराचे साधन होते. दुकान, कुलकर्ण आणि कचेरी यांच्या कामी पडणारे. छापील पुस्तकाने वाचन हे हिशेबापासून वेगळे काढले. शिवाय ज्याच्या घरी व्यवहाराचे कागद येण्याचा संभवच नव्हता, त्या मुलाला आणि मुलीलाही वाचनाचे प्रयोजन प्राप्त करून दिले.

छापखान्याचा परिणाम शाळेच्या भिंतींबाहेरही झाला. अमेरिकन मिशनच्या मुद्रणाकडे पाहूनच गणपत कृष्णाजींना छपाईची प्रेरणा मिळाली आणि १८३१ साली त्यांनी मराठी पंचांग छापले. पुढे निर्णयसागर छापखाना काढून (१८६९) देवनागरी टंकाला सुबक रूप देणारे जावजी दादाजी हे लहान वयात, घरच्या गरिबीमुळे, याच मिशनच्या छापखान्यात कामास लागले होते. पटावर नाव नसलेल्या या मुलाचे शिक्षण मिशनच्या कोणत्याही शाळेत झाले नाही. ते खिळ्यांच्या पेटीसमोर झाले. संस्कृत ग्रंथांच्या ज्या शुद्ध आवृत्त्यांसाठी निर्णयसागर साऱ्या देशात नावाजला गेला, त्यांचे एक मूळ अशा रीतीने ख्रिस्ती छापखान्यात सापडते.

मुलींच्या शिक्षणाकडे मिशन १८२४ पासून वळले. १८२७ च्या अखेरीस सिंथिया फरार ही न्यू हॅम्पशायर संस्थानातील अविवाहित शिक्षिका मुंबईस आली आणि मुलींच्या शाळांची व्यवस्था तिच्याकडे सोपविण्यात आली. १८३१ च्या डिसेंबरात अहमदनगरचे ठाणे सुरू झाले. अॅलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड व विल्यम हर्वी हे तेथे गेलेले पहिले मिशनरी होत. त्यांच्यासोबत बाबाजी रघुनाथ हा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण होता. वर्ष उलटायच्या आत हर्वी वारला आणि पुढल्या वर्षी बाबाजीही गेला. गावातील अनाथ, आंधळ्या-पांगळ्या लोकांच्या आश्रयस्थानात हे लोक उपदेश करीत आणि या ठाण्याचे आरंभीचे काही बाप्तिस्मे तेथीलच महारांचे झाले. म्हणजे या ठाण्याच्या आरंभीच एका बाजूस ब्राह्मण प्रचारक आणि दुसऱ्या बाजूस कंगाल महार अशी विलक्षण जोडी दिसते. मिस फरार १८३९ साली अहमदनगरास आली आणि १८६२ साली तेथेच वारली. मधली तेवीस वर्षे तिने तेथील मुलींच्या शाळा चालविल्या.

३

या शाळांचा खर्च कोण देत होते? काही अंशी येथील इंग्रज अधिकारी. परंतु मुख्य आधार अमेरिकेच्या ईशान्येकडील लहानलहान गावांतील मंडळ्यांचा होता. त्या मंडळ्यांना अहमदनगर कोठे आहे हे ठाऊक नव्हते. त्यांना ते ठाऊक करून देणे हे मिशनऱ्याच्या नित्यकर्मांपैकी एक काम होते. बोस्टनहून निघणाऱ्या 'मिशनरी हेरल्ड' या मासिकात त्यांची पत्रे व रोजनिशीतील उतारे छापून येत. १८६८ साली स्त्रियांचे स्वतंत्र मिशन मंडळ बोस्टनला स्थापन झाले आणि पुढील वर्षापासून त्याचे नियतकालिक निघू लागले. त्यानंतर मुलींच्या शाळांविषयीच्या लेखनाला खास असा स्त्रीवाचकवर्ग मिळाला.

या इंग्रजी लेखनाचा एक ठरावीक घाट होता. आरंभी अंधार, मध्ये शाळा, शेवटी एखाद्या मुलाचे शांत मरण किंवा बाप्तिस्मा. देणगीदाराच्या मनात करुणा उत्पन्न व्हावी, परंतु निराशा येऊ नये, अशा बेताने दारिद्र्याचे वर्णन करावयाचे. हॉलिस रीडने बाबाजीवर लिहिलेले दोन खंडांचे चरित्र १८३६ साली न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाले. मराठी माणसावर अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना करावी लागेल. त्यात बाबाजीच्या लेखनातील उतारेही आहेत; पण ते भाषांतरित होऊन, निवडले जाऊन आणि रीडच्या निवेदनात बसवून आले आहेत. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रकार अपरिचित नाही. अमेरिकेत त्याच सुमारास गुलामगिरीतून सुटलेल्या निग्रोंची आत्मवृत्ते गोऱ्या प्रस्तावनाकारांच्या साक्षीने छापली जात होती. दोन्हीकडे बोलणारा एक आणि बोलण्याची ग्वाही देणारा दुसरा.

हीच पद्धत अमेरिकन बोर्डाच्या जाफन्यातील मिशनमध्ये आणखी पुढे गेली होती. तेथील वसतिगृहांत अमेरिकेतील देणगीदार ठरावीक वार्षिक रक्कम देऊन एकेका मुलाचा खर्च उचलीत आणि त्या मुलाला देणगीदाराने सुचविलेले नाव मिळे. तमिळ मुलगा न्यू इंग्लंडमधील एखाद्या पाद्र्याच्या नावाने हाक मारला जाई. दान देणाऱ्याचा ठसा घेणाऱ्याच्या नावावर उमटावा, ही कल्पना आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर कोरलेल्या नावांशी ताडून पाहण्यासारखी आहे. येथे मात्र दगडाच्या जागी मूल होते.

याउलट मराठीतील व्यवहार पाहावा. १८४२ च्या जूनमध्ये अहमदनगरहून 'ज्ञानोदय' निघाला. हेन्री बॅलंटाइन त्याचा पहिला संपादक. काही वर्षांतच तो मुंबईस हलला. त्याचा हेतू धर्मप्रसाराचाच होता आणि हिंदू धर्मावरील त्याची टीका अनेकदा कडवट असे. परंतु मराठी नियतकालिकाला मराठी वाचकाशी बोलणे भाग होते आणि हा वाचक बोस्टनच्या वाचकासारखा दूर बसून डोळे पुसणारा नव्हता. तो प्रतिवाद करी, पत्रे धाडी, चुका काढी. इंग्रजी अहवालात गरीब मूल हा वर्णनाचा विषय राहिला. 'ज्ञानोदया'च्या स्तंभांत तेच मूल पत्रलेखक होण्याची शक्यता निर्माण झाली. ही शक्यता मिशनने ठरवून निर्माण केली नव्हती. ती मराठीत छापण्याच्या व्यवहारातून आपोआप उत्पन्न झाली.

४

या शक्यतेचे सर्वांत मोठे फळ १८५५ साली दिसले. 'ज्ञानोदया'च्या १५ फेब्रुवारी व १ मार्चच्या अंकांत 'मांग महाराच्या दुःखाविषयीं' हा निबंध प्रसिद्ध झाला. लेखिका मुक्ता, चौदा वर्षांची मांग जातीची मुलगी. जोतीराव फुल्यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी. हा निबंध आज सुपरिचित आहे आणि दलित स्त्रीलेखनाचा आरंभ म्हणून त्याचा उल्लेख नेहमी होतो. येथे त्याच्या घडणीकडे लक्ष वेधावयाचे आहे.

मुक्ता प्रथम तर्काने चालते. वेद ब्राह्मणांचेच असतील, तर आमच्याजवळ धर्मपुस्तक नाही. धर्मपुस्तक नाही, तर आम्ही धर्मरहित ठरतो. तेव्हा आमचा धर्म कोणता, हे देवाने सांगावे, असा तिचा सवाल आहे. त्यानंतर ती पेशवाईतील आठवणींकडे वळते. इमारतींच्या पायात तेल-शेंदूर पाजून पुरलेली माणसे, शिकण्याच्या गुन्ह्यासाठी झालेल्या शिक्षा, उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायका. शेवटी ती आपल्याच जातभाईंना ज्ञानाचे औषध घेण्यास बजावते. धर्म आणि धर्मपुस्तक यांची अशी सांगड घालणे ही मिशनऱ्यांच्या वादपद्धतीची देणगी होय. ज्याला ग्रंथ नाही त्याला धर्म नाही, हा त्यांचाच युक्तिवाद. मुक्ताने तो उचलला, पण त्याचा अपेक्षित शेवट केला नाही. ग्रंथ नाही म्हणून मिशनचा ग्रंथ स्वीकारावा, असे ती म्हणत नाही. मिशनरी गद्याच्या घाटातील करुणेचे स्थानही तिने बदलले. दुःखाचे वर्णन आहे, पण ते देणाऱ्याच्या काळजाला हात घालण्यासाठी केलेले नाही. ते दोषारोपाच्या पुष्टीसाठी मांडलेले पुरावे आहेत.

येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, मुक्ता मिशनशाळेत शिकली नव्हती. परंतु तिची शाळा आणि मिशनची शाळा यांचा संबंध सरळ आहे. फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मुलींची शाळा काढण्यामागील प्रेरणा सांगताना १८५३ साली 'ज्ञानोदया'तच त्यांनी अहमदनगरच्या मिस फरार यांच्या शाळेचा उल्लेख केला. १८४८ साली पुण्यात सुरू झालेली शाळा ही या अर्थाने अहमदनगरच्या शाळेची वाढ म्हणता येईल; मात्र ती मिशनच्या हाताबाहेर गेलेली वाढ होती. पैसा, शिक्षक आणि हेतू तिन्ही येथले. मिशनशाळेचा खरा विस्तार तिच्या शाखांत झाला नाही, तिच्या अनुकरणात झाला, असे म्हणण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

त्या काळी या दाराचे मोल काय होते, हे समजण्यासाठी धारवाडचे प्रकरण आठवावे. १८५६ साली एका महार मुलाने तेथील सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारने त्याची बाजू तत्त्वतः नाकारली नाही. परंतु एका मुलासाठी इतर सर्व मुलांना शाळा निरुपयोगी होईल, या सबबीवर त्याला प्रवेश दिला नाही. सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या आहेत, हे तत्त्व पुढे दोन वर्षांनी जाहीर झाले, तरी ते गावोगावच्या ओसरीपर्यंत पोचण्यास कित्येक पिढ्या लागल्या. ज्या वेळी सरकार बहुसंख्येच्या सोवळ्याकडे पाहून माघार घेत होते, त्या वेळी महारवाड्यातच भरणारी मिशनची शाळा ही पुष्कळ ठिकाणी एकमेव शाळा होती. तिच्या हेतूंविषयी शंका घेणाऱ्या टीकाकाराने हा पर्यायांचा अभाव दृष्टीआड करू नये.

५

मुक्ताचा निबंध छापून येत होता, त्याच हंगामात अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे आपल्या सहकाऱ्यासह हिंदुस्थानच्या दौऱ्यावर होते. १८५४-५५ च्या या भेटीने अहमदनगरच्या शाळांचे पुढील पन्नास वर्षांचे भवितव्य ठरविले. अँडरसनचे म्हणणे थोडक्यात असे : मिशनचे काम स्थानिक मंडळी उभी करणे आणि तिच्यासाठी स्थानिक उपदेशक तयार करणे हे होय, इंग्रजी शाळांतून सरकारी कारकून तयार होतात, उपदेशक होत नाहीत, म्हणून शिक्षण मातृभाषेतच द्यावे. त्याच्या आग्रहावरून मुंबई व अहमदनगर येथील मिशनचे इंग्रजी शिक्षण बंद करण्यात आले आणि जाफन्यातील प्रसिद्ध बट्टिकोटा विद्यालयही १८५५ साली बंद पडले.

आजच्या भाषाविषयक चर्चेच्या संदर्भात हा निर्णय मोठा गोंधळात टाकणारा आहे. मातृभाषेतून शिक्षण, स्थानिक नेतृत्व, परावलंबनास विरोध, ही सर्व तत्त्वे आज आपण पुरोगामी मानतो. अँडरसनच्या धोरणाने मराठीला लाभही झाला. अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यांत शाळांचे जाळे विणले गेले, त्यांत शिकलेले शिक्षक-उपदेशक तयार झाले, आणि मराठी भक्तिगीतांची, कीर्तनाची व सोप्या गद्याची एक परंपरा उभी राहिली. परंतु त्याच १८५४ साली वुडच्या खलित्याने इंग्रजी उच्चशिक्षणाची चौकट घातली आणि १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. नोकरी, वकिली, वैद्यक या साऱ्यांचे दार इंग्रजीचे झाले. मुंबईत जॉन विल्सन यांच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेने इंग्रजी सोडले नाही. तेथे प्रामुख्याने वरच्या जातींची आणि पारशी मुले शिकत. परिणामी एकाच धर्माच्या दोन मिशनांत अशी विभागणी झाली की, ज्यांच्या घरी आधीच अक्षर होते त्यांना इंग्रजी मिळाली आणि ज्यांच्या घरी ते नव्हते त्यांना मराठी. भाषेचे प्रेम आणि संधीचा संकोच हे दोन्ही एकाच निर्णयात गुंतलेले असू शकतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

ही चूक मिशनऱ्यांच्याही ध्यानात आली. १८७० च्या दशकापासून मुंबईत आणि पुढे अहमदनगरात मिशनने इंग्रजी शाळा पुन्हा सुरू केल्या. त्या काळात रॉबर्ट अॅलन ह्यूम आणि एडवर्ड ह्यूम या बंधूंचे कार्य विशेष आहे. मधल्या वीस-पंचवीस वर्षांतील एक पिढी मात्र खेड्यातील शिक्षक व उपदेशक याच पदावर थांबली. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना फुल्यांनी शेतकऱ्याच्या करातून उच्चवर्णीयांचे उच्चशिक्षण चालते, अशी तक्रार केली आणि प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. ती मागणी आणि अँडरसनचे धोरण वरवर सारखे दिसते. फरक असा की, फुल्यांना प्राथमिक शिक्षण हा पाया हवा होता. अँडरसनच्या योजनेत ते छतही होते.

६

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शाळांच्या इतिहासाला दुष्काळांनी निराळे वळण दिले. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या तीन दुष्काळांत मराठवाड्यापासून गुजरातपर्यंतची माणसे रस्त्यावर आली. आईबाप गेलेली किंवा आईबापांनीच आणून सोडलेली मुले मिशनच्या आवारांत भरली. अहमदनगर, सोलापूर येथील शाळा आता अनाथालयेही झाल्या. परदेशांतून पैशाचा ओघ वाढला आणि शाळांची जी वाढ अहवालांत ठळकपणे दिसते, ती बरीचशी या दशकातली आहे.

परंतु वाढीबरोबर अभ्यासक्रमही बदलला. दुष्काळातून आलेल्या मुलाला पोटाचा धंदा शिकविला पाहिजे, या विचाराने सुतारकाम, लोहारकाम, विणकाम यांना महत्त्व आले. अभियांत्रिकी शिकून आलेल्या डी. सी. चर्चिल यांनी अहमदनगरात हातमागाची सुधारणा केली. हे सर्व उपयुक्त होते, यात शंका नाही. तरी प्रश्न उरतो. पन्नास वर्षांपूर्वी ज्या शाळांच्या सावलीत मुक्ता वेदांविषयी प्रश्न विचारीत होती, त्या शाळांकडून आता मुख्यतः कुशल हातांची अपेक्षा होऊ लागली. दारिद्र्याने मुलासाठी दार उघडले. आणि आत खोली केवढी असावी, हेही बव्हंशी दारिद्र्यानेच ठरविले.

या बाबतीत पंडिता रमाबाईंचे कार्य तुलनेसाठी घेतले पाहिजे. रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, १८८६ साली अमेरिकेस गेल्या आणि १८८७ साली त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील इंग्रजी पुस्तक तेथे प्रसिद्ध झाले. बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या मदतीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास गेले. म्हणजे देणगीदारांपुढे दुःख मांडण्याचे काम येथे प्रथमच, मोठ्या प्रमाणावर, एका मराठी स्त्रीने स्वतः केले. तिला साक्षीदाराची गरज उरली नाही. इतकेच नव्हे, तर १८८९ सालीच त्यांनी अमेरिकेचे प्रवासवृत्त मराठीत प्रसिद्ध केले. सत्तरएक वर्षे अमेरिकन लोक मराठी समाजाचे वर्णन करीत आले होते. आता मराठी वाचकाला अमेरिकेचे वर्णन मिळाले, तेथील वर्णद्वेषावरील टीकेसह. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली होती, तो या दिशाबदलाचा पहिला टप्पा म्हणता येईल.

शारदासदनात धर्मांतराचा वाद १८९३ साली पेटला. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्यप्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावचे मुक्तिसदन वाढत जाऊन १९०० नंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या आसपास पोचली. येथेही विणकाम, शेती, तेलघाणी होती. पण छापखानाही होता आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील स्त्रियांनीच जुळविले व छापले. ते १९२४ साली, रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, पूर्ण होऊन बाहेर पडले. दुष्काळातून आलेल्या मुलीच्या हाती खिळे देणे आणि तिला केवळ माग देणे यांतील अंतर रमाबाईंनी ओळखले होते. शारदासदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी संस्था काढली, तेव्हा वादामुळे दुरावलेला समाज त्याच कल्पनेकडे दुसऱ्या दाराने परतला. 'माझे पुराण' हे आनंदीबाईंचे आत्मचरित्र या संपूर्ण प्रवासाचा मराठी दस्तऐवज आहे.

अहमदनगरच्या परिसरातून मराठीला मिळालेले श्रेष्ठ पुस्तक मात्र लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' होय (१९३४ पासून). १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांचे बरेचसे आयुष्य अहमदनगर व राहुरी येथे गेले. त्यांच्या घरात आणून वाढविलेली परकी मुले, दुष्काळ, प्लेग, मिशनच्या आवारातील माणसे हे सारे लक्ष्मीबाईंनी लिहिले आहे. त्या लेखनात करुणेचा अहवाली सूर कोठेही लागत नाही. गरीब मूल तेथे खोड्या करते, रुसते, आजारी पडते, घरचे होते. शंभर वर्षे इंग्रजी अहवालांनी ज्याला उदाहरण केले, त्याला लक्ष्मीबाईंच्या मराठीने व्यक्ती केले. त्यासाठी त्यांना स्वतःचे सोवळे आधी सोडावे लागले होते, हेही त्यांनी लपविलेले नाही.

७

आता पंजाबकडे वळू. जॉन लॉरी हा प्रेस्बिटेरियन मिशनरी १८३४ च्या नोव्हेंबरात लुधियान्यास पोचला. सतलजपलीकडे तेव्हा रणजितसिंहांचे राज्य होते. १८३६ साली तेथे छापखाना आला. न्यूटनचे पंजाबी व्याकरण (१८५१) आणि लुधियाना मिशनचा पंजाबी कोश (१८५४) ही त्याची ठळक कामे. म्हणजे अहमदनगर आणि लुधियाना यांचा आरंभ जवळजवळ एकाच वेळचा, साधने तीच, देणगीदारही तशाच वळणाचे. तरी साहित्यातील फळे निराळी आली.

त्याचे एक कारण भाषेच्या सरकारी दर्जात आहे. मुंबई इलाख्यात शाळा व खालच्या कचेऱ्या यांची भाषा मराठी राहिली. पंजाब १८४९ साली खालसा झाल्यावर तेथे उर्दूला ते स्थान मिळाले. मिशनने पंजाबीचा कोश केला, तरी शाळेतील मुलाला तिच्यात लिहून कोठे पोचता येत नव्हते. मराठी मुलासमोर 'ज्ञानोदय' होता आणि त्याच्याशी वाद घालणारी इतर मराठी पत्रेही होती. दुसरे कारण प्रतिक्रियेच्या स्वरूपात आहे. १८७३ साली अमृतसरच्या मिशनशाळेतील चार शीख विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती होण्याचा मनोदय जाहीर केला आणि त्याच वर्षी सिंघ सभेची स्थापना झाली. पुढे त्याच शहरातील मिशनशाळेत शिकलेल्या भाई वीरसिंगांनी पत्रिका, कादंबरी ('सुंदरी', १८९८) आणि नियतकालिक ('खालसा समाचार', १८९९) ही मिशनची साधने हाती घेऊन आधुनिक पंजाबी गद्य घडविले.

फुले आणि वीरसिंग हे दोघेही मिशनशाळेचे विद्यार्थी, दोघांनीही तिची साधने उचलली, दोघांपैकी कोणीही ख्रिस्ती झाले नाही. परंतु वीरसिंगांनी ती साधने आपल्या पंथाच्या संरक्षणासाठी व पुनरुज्जीवनासाठी वापरली. फुल्यांनी ती आपल्याच समाजाच्या उतरंडीविरुद्ध रोखली. मिशनशाळेने काय दिले, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. ती कोणत्या सामाजिक जमिनीत रुजली, हे पाहिल्यावाचून त्याचे उत्तर मिळत नाही. पंजाबात तिच्यासमोर ग्रंथ असलेला आणि त्याचा अभिमान बाळगणारा पंथ होता. महाराष्ट्रात तिच्या दाराशी, मुक्ताने म्हटल्याप्रमाणे, ज्यांना धर्मपुस्तकाला शिवण्याचीही मुभा नव्हती असे लोक उभे होते.

८

१९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापन केले. मिशनच्या परंपरेत वाढलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाने सर्व धर्मांच्या व जातींच्या ग्रामीण मुलांसाठी काढलेले हे महाविद्यालय अँडरसनच्या धोरणाला मिळालेले उशिराचे उत्तर म्हणावे लागेल. स्थानिक नेतृत्व उभे राहिले, ही त्याची अपेक्षा पूर्ण झाली. पण त्या नेतृत्वाने पहिली गोष्ट केली ती छत उंच करण्याची.

एवढ्या विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली : परदेशी दयेवर चाललेल्या शाळेला दोन भाषांत बोलावे लागते, आणि देणाऱ्याच्या भाषेत गरीब मूल जितके ठळक होते तितके ते मुके होत जाते. दुसरी : शाळेचा प्रभाव तिच्या पटापलीकडे, तिच्या अनुकरणात आणि तिच्याशी झालेल्या वादात शोधावा लागतो; पुण्याची शाळा, निर्णयसागर आणि कर्व्यांची संस्था ही त्याची उदाहरणे होत. तिसरी : शिक्षणाचे माध्यम हा प्रश्न कधीच केवळ भाषाप्रेमाचा नसतो, कोणत्या मुलाला कोठवर जाऊ द्यावयाचे, हा निर्णय त्यात दडलेला असतो.

आजही आपल्या देशातील आणि बाहेरील असंख्य संस्था गरीब मुलांचे फोटो व त्यांच्या कहाण्या देणगीदारांपुढे ठेवून शाळा चालवितात. त्या सर्वच ख्रिस्ती नाहीत आणि त्यांचे कार्यही क्षुल्लक नाही. त्या कहाण्यांचा घाट मात्र 'मिशनरी हेरल्ड'च्या काळापासून फारसा बदललेला नाही. अशा संस्थांचा अभ्यास करणाऱ्याने इंग्रजी अहवाल अवश्य वाचावा. पण त्या मुलांनी आपल्या भाषेत काय लिहिले, ते कोठे छापून आले आणि त्याला कोणी उत्तर दिले, याची चौकशी आधी करावी. चौदा वर्षांच्या मुक्ताने देवाला विचारलेला प्रश्न कोणत्याही वार्षिक अहवालात बसला नसता. तो मराठीत छापला गेला म्हणून उरला.